फिरत्या घरातील टीव्ही आणि डिश : नाशिक परिसरातील कॅराव्हॅनधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेम्पो ट्रॅव्हलरची कॅराव्हॅन करून घेतलेल्या, तयार कॅम्पर व्हॅन विकत घेतलेल्या किंवा सुट्टीपुरती भाड्याने घेणाऱ्या नाशिककरांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. दिशा आणि कोन यांचे आकडे नाशिक शहर, म्हणजे सुमारे २०° उत्तर अक्षांश आणि ७३.८° पूर्व रेखांश, धरून दिले आहेत. घरची छत्री एकदा बसवली की वर्षानुवर्षे हलत नाही. गाडीची छत्री मात्र प्रत्येक मुक्कामी नव्याने लावावी लागते आणि घाटातील हादऱ्यांनी वायरींची टोके सैल होत राहतात. त्यामुळे बिघाड आकाशात शोधण्याआधी गाडीत शोधावा, असा आमचा सर्वसाधारण सल्ला आहे.

१. कॅराव्हॅनमध्ये टीव्ही पाहण्यासाठी कमीत कमी काय लागते?

छत्री, तिच्या दांड्यावरील एलएनबी (छत्रीने गोळा केलेला सिग्नल टिपून केबलमध्ये पाठवणारा छोटा डबा), आरजी-६ जातीची केबल, सेट-टॉप बॉक्स, टीव्ही आणि या सर्वांना पुरेल एवढी वीज. नाशिक भागात ६० सेंटिमीटरची छत्री पुरते. ती टपावर कायमची बसवावी की तिपाईवर सुटी ठेवावी, याबाबत आमचे मत स्पष्टपणे तिपाईच्या बाजूचे आहे, कारण गाडी सावलीत आणि छत्री उघड्यावर ठेवण्याची मुभा फक्त सुट्या छत्रीत मिळते. सोबत दहा-पंधरा मीटर केबल, होकायंत्र, पाणसळ, छत्रीच्या नटांना बसणारा पाना आणि दोन-तीन मीटरचा एक खात्रीचा केबलचा तुकडा ठेवावा. हा तुकडा कशासाठी, ते प्रश्न ८ मध्ये सांगितले आहे.

२. वर्षातून चार-सहा वेळाच गाडी बाहेर काढतो. दर महिन्याचे रिचार्ज टाळता येईल का?

टाळता येते. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या मोफत सेवेला, म्हणजे आताच्या डीडी फ्री डिशला, मासिक शुल्क नाही. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घेतले की झाले. सह्याद्री वाहिनी, बातम्या आणि इतर बऱ्याच वाहिन्या त्यावर मिळतात. काही टीव्हींमध्ये उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो. अशा टीव्हीला केबल थेट जोडून खुल्या वाहिन्या बॉक्सशिवाय पाहता येतात. क्वचित वापरल्या जाणाऱ्या गाडीसाठी आम्ही हीच सेवा सुचवतो, कारण प्रश्न १७ मधील रिचार्जची कटकट येथे उद्भवतच नाही.

३. गाडी घेतली तेव्हा टपावर काड्यांचा अँटेना होता. त्यावर दूरदर्शन दिसेल का?

दिसण्याची अपेक्षा ठेवू नये. हा अँटेना जमिनीवरील मनोऱ्यांवरून येणाऱ्या प्रक्षेपणासाठी असतो, आणि दूरदर्शनने आपले बहुतेक अ‍ॅनालॉग मनोरे २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद केले. अँटेनाचा बूस्टर चालू असेल तर तोही काढून टाकावा; तो विनाकारण बॅटरी खातो आणि केबलच्या मार्गात राहिला तर डिशच्या सिग्नललाही अडवतो.

४. घरचाच डीटीएच बॉक्स गाडीत नेला तर चालेल का?

तांत्रिकदृष्ट्या चालतो. बॉक्स आणि त्याचे कार्ड तेच राहते. फक्त गाडीतील छत्री त्याच कंपनीच्या उपग्रहाकडे रोखलेली असावी लागते. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या उपग्रहावर चालत नाही. जोडणी नोंदवलेल्या पत्त्याबाहेर वापरण्याबाबत करारात काय लिहिले आहे, ते मात्र आधी वाचून घ्यावे. घरी आजी-आजोबा टीव्ही पाहणारे असतील तर बॉक्स उचलून नेण्यापेक्षा गाडीसाठी वेगळा फ्री डिश बॉक्स घेतलेला बरा, हे सांगायला तंत्रज्ञाची गरज नाही.

५. नाशिकमध्ये छत्री नेमकी कोणत्या दिशेला आणि किती वर करायची?

आपल्याकडील सर्व डीटीएच उपग्रह विषुववृत्ताच्या वर, नाशिकच्या पूर्वेकडील रेखांशांवर आहेत. त्यामुळे ते आपल्याला आग्नेयेच्या आसपास दिसतात. होकायंत्रावर उत्तर ०°, पूर्व ९०° आणि दक्षिण १८०° धरल्यास डीडी फ्री डिश आणि सन डायरेक्ट यांचा ९३.५° पूर्वेचा उपग्रह १३४° दिशेला, म्हणजे जवळजवळ नेमका आग्नेयेला, आणि क्षितिजापासून ५८° उंचीवर आहे. टाटा प्लेसाठी (८३° पूर्व) दिशा १५५° आणि उंची ६४° आहे, डीटूएचसाठी (८८° पूर्व) १४३° आणि ६१°, डिश टीव्हीसाठी (९५° पूर्व) १३१° आणि ५६°. एअरटेलचा उपग्रह १०८.२° पूर्वेला असल्यामुळे तो बराच पूर्वेकडे आणि खाली, ११७° दिशेला अवघ्या ४५° उंचीवर, सापडतो. त्र्यंबकेश्वर, वणी, इगतपुरी किंवा नांदूरमधमेश्वर येथे मुक्काम असला तरी यांत एखाद्या अंशापेक्षा जास्त फरक पडत नाही. दूरच्या प्रवासासाठी प्रश्न १५ पाहावा.

उंचीचा कोन आधी लावून नट अर्धवट आवळावा, खांब ओळंब्यात आहे ना ते पाहावे आणि मग छत्री डावीकडून उजवीकडे अगदी हळू फिरवावी. प्रत्येक बोटभर हालचालीनंतर दोन-तीन सेकंद थांबावे लागते, कारण बॉक्सला सिग्नल ओळखून पडद्यावर आकडा दाखवायला तेवढा वेळ लागतो. बहुतेक लोक उपग्रहावरून पुढे निघून जातात ते याच घाईमुळे.

६. मोबाइलमधील अ‍ॅपने दाखवलेली दिशा धरली, उंचीही लावली, तरीही काहीच सापडत नाही. असे का?

दोन कारणे वरचेवर आढळतात. पहिले म्हणजे मोबाइलचे होकायंत्र गाडीच्या लोखंडी सांगाड्याजवळ भरकटते. चुंबकाचे कव्हर असेल तर आणखीच. गाडीपासून दहा-बारा पावले दूर जाऊन दिशा पाहावी, त्या दिशेला दूरवरचे एखादे झाड, पाण्याची टाकी किंवा देवळाचा कळस हेरून ठेवावा आणि मग छत्रीपाशी येऊन त्या खुणेकडे ती रोखावी. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक नाशिक भागात एका अंशाहून कमी आहे, त्यामुळे त्याची चिंता करू नये.

दुसरे कारण छत्रीच्या घडणीत आहे. डीटीएचच्या छत्रीत एलएनबी मध्यभागी नसून खालच्या बाजूला असतो आणि तिचा पृष्ठभाग जिकडे तोंड करून असतो त्याहून सुमारे २० ते २५ अंश वर ती पाहत असते. म्हणून ५८° उंचीच्या उपग्रहासाठी लावलेली छत्री डोळ्यांना फक्त तीस-पस्तीस अंश कललेली दिसते. अनेक जण ती अंदाजाने आकाशाकडे वळवतात आणि उपग्रहाच्या पार वर जातात. मागच्या पट्टीवर कोरलेले अंश वाचावेत. ते हा फरक धरूनच कोरलेले असतात.

७. ‘स्ट्रेंथ’ ८५ टक्के दिसते पण ‘क्वालिटी’ शून्य आहे. बॉक्स खराब झाला का?

बहुधा नाही. स्ट्रेंथचा आकडा एलएनबीकडून काहीतरी येत आहे एवढेच सांगतो. त्यात निव्वळ गोंगाट किंवा शेजारच्या उपग्रहाचा सिग्नलही मोजला जातो. छत्री भिंतीकडे तोंड करून ठेवली तरी हा आकडा बऱ्यापैकी दिसू शकतो. आपला उपग्रह सापडला की नाही, हे फक्त क्वालिटीवरून ठरते. ९३.५° आणि ९५° हे उपग्रह एकमेकांपासून अवघ्या दीड अंशावर आहेत आणि ६० सेंटिमीटरच्या छत्रीची नजर सुमारे तीन अंश रुंद असते, त्यामुळे फ्री डिश शोधताना डिश टीव्हीचा सिग्नल हाती लागणे स्वाभाविक आहे. क्वालिटी दिसूनही अपेक्षित वाहिन्या स्कॅनमध्ये येत नसतील, तर छत्री किंचित दक्षिणेकडे आणि किंचित वर सरकवून पुन्हा स्कॅन करावे.

८. पडद्यावर ‘नो सिग्नल’ येते. सुरुवात कुठून करावी?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर विस्ताराने देत आहोत. सर्वांत आधी हा संदेश कोणाचा आहे ते ओळखावे. निळ्या किंवा काळ्या पडद्यावर इकडून तिकडे सरकणारा छोटा चौकोन असेल तर तो टीव्हीचा संदेश आहे, आणि त्याचा अर्थ टीव्हीला बॉक्सकडून काहीही मिळत नाही एवढाच आहे. या स्थितीत छत्री हलवणे व्यर्थ आहे. रिमोटवरील सोर्सचे बटण दाबून एचडीएमआय १, एचडीएमआय २ आणि एव्ही हे पर्याय पाहावेत, बॉक्सचा दिवा लागला आहे का ते पाहावे आणि एचडीएमआयची पिन दोन्ही टोकांना काढून पुन्हा बसवावी. कसारा घाट चढून आलेल्या गाडीत ही पिन अर्धवट बाहेर आलेली असणे नेहमीचेच आहे. टीव्हीवरच शंका असेल तर पेन ड्राइव्हवरील एखादे चित्र लावून पाहावे.

बॉक्सचा मेनू दिसत असेल आणि सिग्नल मिळत नसल्याचा संदेश बॉक्सच्या स्वतःच्या चौकटीत, कंपनीच्या चिन्हासह, येत असेल, तर दोष बॉक्सच्या पलीकडे म्हणजे केबल, एलएनबी किंवा छत्रीच्या दिशेत आहे. येथे तो दोन-तीन मीटरचा खात्रीचा तुकडा बाहेर काढावा. बॉक्स छत्रीजवळ नेऊन, गाडीच्या अंगावरील सॉकेट आणि आतील वायरिंग पूर्णपणे वगळून, एलएनबी थेट बॉक्सला जोडावा. शक्य असेल तर टीव्हीही खिडकीपाशी आणावा. चित्र आले तर छत्री आणि एलएनबी निर्दोष आहेत आणि दोष गाडीच्या केबलमध्ये आहे. त्यासाठी प्रश्न ९ पाहावा. चित्र आले नाही तर दिशा पुन्हा तपासावी, आणि तीही बरोबर असेल तरच एलएनबी बदलून पाहावा. एलएनबी सहसा सर्वांत शेवटी बिघडतो, तरीही लोक सर्वांत आधी तोच विकत आणतात.

९. गाडीच्या केबलमध्ये दोष आहे हे कळले. तो नेमका कुठे शोधायचा?

टोकांना. मधली केबल क्वचित तुटते. बिघडतात ते कनेक्टर. कनेक्टर फिरवून काढावा आणि उजेडात धरून पाहावा. मधली तांब्याची तार कनेक्टरच्या कडेच्या दोन-तीन मिलीमीटर पुढे, सरळ आणि चकचकीत असली पाहिजे. ती आखूड असेल तर संपर्क होत नाही, आणि वाकलेली असेल तर सॉकेटच्या आत बाजूला दुमडते. बाहेरील जाळीचा केसाएवढा एक धागा जरी त्या तारेला टेकला तरी शॉर्ट होऊन बॉक्स एलएनबीचा वीजपुरवठा बंद करतो. तारेवर हिरवट थर किंवा जाळीवर काळसरपणा दिसला तर आत पाणी शिरले आहे. अशा वेळी फक्त टोक कापून भागत नाही, कारण पाणी जाळीतून पुढे सरकते. केबल स्वच्छ दिसू लागेपर्यंत मागे कापत जावे.

गाडीच्या अंगावरील बाहेरचा सॉकेट हे दुसरे संशयित ठिकाण आहे. त्याचे झाकण धुण्याच्या फवाऱ्यापुढे टिकत नाही आणि आतला भाग गंजतो. केबल सॉकेटात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी आत न ओघळता झोळातून गळून जाईल. कनेक्टरवर रबरी टोपी आणि स्वतःला चिकटणारी रबर टेप असावी. साधी विजेची टेप नाशिकच्या मे महिन्यातील उन्हात सुटते आणि चिकट लगदा मागे ठेवते.

१०. निम्म्या वाहिन्या दिसतात, निम्म्या दिसत नाहीत. रिचार्ज तर आहे. मग?

उपग्रह उभ्या आणि आडव्या अशा दोन ध्रुवणांत, म्हणजे लहरींच्या कंपनाच्या दोन दिशांत, वाहिन्या पाठवतो. बॉक्स उभ्यासाठी एलएनबीला सुमारे १३ व्होल्ट आणि आडव्यासाठी सुमारे १८ व्होल्ट देतो. कनेक्टर गंजला असेल किंवा बॉक्सचा पुरवठा अशक्त असेल तर १८ व्होल्ट टोकापर्यंत पोहोचत नाहीत आणि आडव्या ध्रुवणातील सर्व वाहिन्या एकदम जातात. बॉक्स थेट एलएनबीला जोडून पाहिल्यास, म्हणजे प्रश्न ८ मधील रीतीने, हे लगेच कळते. दोन्ही गटांतील वाहिन्या थोड्या थोड्या गळत असतील तर एलएनबीची पकड सैल होऊन तो आपल्या जागी फिरला असण्याची शक्यता अधिक आहे.

११. इंजिन चालू केले की बॉक्स बंद होऊन पुन्हा सुरू होतो. बॅटरी बदलावी का?

घाई करू नये. स्टार्टर फिरताना १२ व्होल्टची बॅटरी क्षणभर १० व्होल्टच्याही खाली जाऊ शकते आणि इंजिन चालू झाल्यावर अल्टरनेटर तिला १४ व्होल्टच्या पुढे नेतो. बॉक्स नेमक्या १२ व्होल्टवर चालण्यासाठी बनवलेला असतो. तो थेट बॅटरीवर जोडला असेल तर हे चढउतार त्याला सोसत नाहीत. मध्ये १२ व्होल्ट स्थिर ठेवणारा डीसी-टू-डीसी कन्व्हर्टर बसवावा. बसच्या चासीवर बांधलेल्या मोठ्या गाड्यांत बॅटरी २४ व्होल्टची असते. तेथे कन्व्हर्टरशिवाय बॉक्स किंवा १२ व्होल्टचा टीव्ही जोडणे म्हणजे तो जाळणे होय.

बारीक वायर हाही एक छुपा दोष आहे. बॅटरीपासून टीव्हीपर्यंत आठ मीटर अंतर, दीड चौरस मिलीमीटरची वायर आणि पाच अँपिअरचा भार असेल, तर जाण्यायेण्यात जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच जातो. चार चौरस मिलीमीटरची वायर टाकल्यास हा तोटा चार दशांश व्होल्टच्या आत राहतो.

१२. रात्रभर बॅटरीवर टीव्ही चालेल का? इन्व्हर्टर कोणता घ्यावा?

३२ इंची एलईडी टीव्ही आणि बॉक्स मिळून साधारण ५० वॅट घेतात. इन्व्हर्टरमधील तोटा धरल्यास बॅटरीवर सुमारे ५ अँपिअरचा भार येतो. १०० अँपिअर-अवरच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतील निम्मीच वीज वापरावी, अन्यथा तिचे आयुष्य घटते. म्हणजे इतर काही चालू नसेल तर दहा तास मिळतात. प्रत्यक्षात पंखा, फ्रिज आणि दिवे याच बॅटरीवर असतात, हे विसरू नये. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा घ्यावा. स्वस्त इन्व्हर्टरवर टीव्हीच्या आवाजात घरघर येते आणि काही अडॅप्टर तापतात. १२ व्होल्टचा टीव्ही घेतल्यास इन्व्हर्टरच लागत नाही.

१३. पाऊस आला की चित्र फुटते किंवा जाते. काही उपाय आहे का?

आपल्या डीटीएच सेवा केयू बँडवर चालतात आणि जोरदार पावसात या लहरी क्षीण होतात. कोणतीही कंपनी याला अपवाद नाही. सिग्नल डोक्यावरून सरळ खाली येत नसून आग्नेयेकडून तिरका येतो. पावसाचा थर पाच किलोमीटर उंचीपर्यंत धरल्यास फ्री डिशचा सिग्नल आग्नेयेला सुमारे तीन किलोमीटरपर्यंतच्या आणि एअरटेलचा सुमारे पाच किलोमीटरपर्यंतच्या पावसातून वाट काढत असतो. म्हणून गाडीवर थेंबही नसताना चित्र जाऊ शकते. इगतपुरी आणि त्र्यंबक पट्ट्यात आषाढ-श्रावणात मुक्काम करणाऱ्यांनी हे गृहीतच धरावे. आणि २०२७ च्या सिंहस्थाची मुख्य स्नाने ऑगस्ट-सप्टेंबरात असल्याने त्या वेळी गाडी घेऊन येणाऱ्या पाहुण्यांनाही ते सांगून ठेवावे.

उपाय म्हणजे कोरड्या हवेत छत्री क्वालिटीच्या अगदी कमाल आकड्यावर आणून ठेवणे. ‘चित्र दिसते ना, पुरे’ असे म्हणून सोडलेली छत्री पहिल्या सरीलाच हार मानते. पावसाळी भागात नेहमी जात असाल तर ७५ किंवा ९० सेंटिमीटरची छत्री घ्यावी. पाऊस थांबून अर्धा तास झाला तरी चित्र परतले नाही, तर दोष पावसाचा नसून केबलमध्ये शिरलेल्या पाण्याचा आहे. प्रश्न ९ पाहावा. विजा कडकडत असतील तेव्हा मात्र केबल बॉक्सपासून काढून ठेवावी.

१४. झाडाखाली गाडी लावली की सिग्नल जातो, आणि उन्हात लावली की आत बसवत नाही. मधला मार्ग काय?

झाड गाडीच्या पश्चिमेला येईल अशी जागा निवडावी. दुपारनंतर सूर्य पश्चिमेकडे सरकतो, त्यामुळे सावली पूर्वेकडे, म्हणजे गाडीवर पडते, आणि आग्नेयेचे आकाश मोकळे राहते. गंगापूर धरणाच्या बाजूला जुन्या आंब्यांखाली थांबणाऱ्यांनी ही युक्ती अवश्य करून पाहावी. छत्री तिपाईवर असेल तर ती सावलीबाहेर नेल्यास प्रश्नच मिटतो.

अडथळ्याचे अंतर मोजण्याचा सोपा नियम असा: छत्रीच्या पातळीपासून झाड जेवढे उंच असेल, त्याच्या निम्मे अंतर टाटा प्लेला, दोन तृतीयांश अंतर फ्री डिशला आणि पूर्ण उंचीएवढे अंतर एअरटेलला लागते. नऊ मीटर उंच झाड असेल तर अनुक्रमे साडेचार, सहा आणि नऊ मीटर. पानांची विरळ जाळीही पुरेशी आड येते, ओली असेल तर अधिकच. डोंगरांची भीती मात्र बाळगू नये; उपग्रह इतके उंच आहेत की अगदी कड्याच्या पायथ्याला चिकटून थांबल्याशिवाय ब्रह्मगिरी किंवा अंजनेरी कधी आड येत नाही.

१५. गोवा किंवा राजस्थानला गेल्यावर तेच कोन चालतील का?

चालणार नाहीत. फ्री डिशचेच उदाहरण घेतल्यास नाशिकमध्ये दिशा १३४° आणि उंची ५८° असते. पणजीजवळ ती अनुक्रमे १२७° आणि ६१°, तर जैसलमेरजवळ १३७° आणि ५०° होते. शिवाय एलएनबीला त्याच्या पकडीत द्यावा लागणारा पिळा नाशिकमध्ये सुमारे ४३° असतो, तो गोव्यात ५१° आणि जैसलमेरला ३७° करावा लागतो. लोक दिशा आणि उंची बदलतात, पण पिळा विसरतात, आणि मग प्रश्न १० मधील लक्षणे दिसू लागतात. सेवा मात्र देशभर तीच राहते. राज्य बदलले म्हणून वाहिन्या बदलत नाहीत.

१६. आत कोणी चालले की चित्र थांबते. शिवाय चालत्या गाडीत टीव्ही दिसेल का?

टपावरची छत्री गाडीच्या स्प्रिंगवर डोलत असते आणि दीड अंशाचा कल हा सिग्नल जायला पुरेसा असतो. मुक्कामी चारही कोपऱ्यांना जॅक लावावेत किंवा छत्री जमिनीवरील तिपाईवर न्यावी. तिपाईच्या मधोमध पाण्याचा भरलेला कॅन टांगल्यास ती वाऱ्यात हलत नाही. सप्तशृंगी गडावर आणि त्र्यंबकला तेवढ्याने भागत नाही: तेथील माकडांना एलएनबीचा दांडा लोंबकळण्यासाठी फार सोयीचा वाटतो, त्यामुळे छत्री नजरेसमोर ठेवावी आणि खाद्यपदार्थ तिच्याजवळ ठेवू नयेत.

चालत्या गाडीसाठी उपग्रहाचा स्वतः माग काढणारा घुमट लागतो. तो महाग असतो, आणि विकत घेण्यापूर्वी त्याच्या यादीत आपल्या कंपनीचा उपग्रह आहे का, हे तपासावे लागते. बोगद्यात आणि झाडीतून जाताना सिग्नल तुटतोच. प्रवासात मुलांसाठी मोबाइलवर आधी उतरवून ठेवलेले कार्यक्रम अधिक भरवशाचे असतात. कोणताही पडदा चालकाच्या नजरेच्या टप्प्यात नसावा.

१७. चार महिन्यांनी गाडी काढली. सिग्नल उत्तम आहे, पण वाहिन्या ‘उपलब्ध नाहीत’ असे दिसते.

बॉक्सला वाहिन्या पाहण्याची परवानगी उपग्रहावरूनच वेळोवेळी नव्याने मिळत असते. दीर्घकाळ बंद राहिलेल्या बॉक्समधील जुनी परवानगी संपलेली असते. आधी रिचार्ज करावे, नंतर कंपनीच्या अ‍ॅपवरून किंवा नोंदणीकृत मोबाइलवरून रिफ्रेश पाठवावा, आणि बॉक्स एखाद्या वाहिनीवर चालू ठेवून थांबावे. क्रम महत्त्वाचा आहे: छत्री न लावता रिफ्रेश पाठवला तर तो बॉक्सपर्यंत पोहोचतच नाही.

१८. दोन टीव्ही आहेत. केबलला दोन फाटे फोडले तर दुसऱ्यावर चित्र येईना.

प्रश्न १० मध्ये सांगितल्याप्रमाणे प्रत्येक बॉक्स एलएनबीला आपल्या वाहिनीनुसार वेगळा व्होल्टेज देतो. एकाच केबलवर दोन बॉक्स जोडले की एकाची मागणी दुसऱ्याला अडवते. दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन स्वतंत्र केबल हाच योग्य मार्ग आहे. दोन्ही टीव्हींवर एकच कार्यक्रम चालणार असेल तर एक बॉक्स आणि एचडीएमआय स्प्लिटर पुरतो.

१९. मुक्कामाच्या रिसॉर्टने केबलचे टोक दिले, पण आमच्या डीटीएच बॉक्सला ते लागत नाही.

स्थानिक केबल आणि उपग्रह यांचे प्रक्षेपण वेगळ्या पद्धतीचे असते, जरी कनेक्टर दिसायला सारखा असला तरी. रिसॉर्टकडे केबलचाच बॉक्स मागावा.

२०. मार्च आणि ऑक्टोबरमध्ये स्वच्छ हवेतही सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटे चित्र जाते. हे कसले?

त्या दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याचा रेडिओ गोंगाट सिग्नलला झाकून टाकतो. नाशिकमध्ये फ्री डिशच्या बाबतीत हे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या आरंभी काही दिवस, रोज जवळपास त्याच वेळी घडते. टाटा प्लेला तीच अडचण थोडी उशिरा आणि एअरटेलला थोडी लवकर येते. छत्रीला हात लावू नये. काही मिनिटांत चित्र आपोआप परत येते.

२१. छत्री टपावर कायमची बसवली तर आरटीओची अडचण येईल का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानकही आहे. उंची वाढवणारी कोणतीही कायमची बसवणूक करण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्यावे. घडी घालून टपाला सपाट टेकणारी छत्री असली तरी रेल्वेखालच्या मोऱ्यांसमोरील आडव्या लोखंडी खांबांसाठी गाडीची नवी उंची चालकासमोर लिहून चिकटवावी. टपाला पाडलेल्या प्रत्येक भोकात सीलंट भरावे आणि ते दर पावसाळ्याआधी तपासावे.

२२. परदेशातून आणलेल्या मोटरहोममध्ये टपावर स्वयंचलित डिश आहे. ती येथे चालेल का?

बहुधा आहे तशी नाही. अमेरिकी गाड्यांतील डिशचे एलएनबी वर्तुळाकार ध्रुवणासाठी असतात, तर आपल्याकडील डीटीएच सेवा सरळ रेषेतील, म्हणजे उभे-आडवे, ध्रुवण वापरतात. शिवाय त्या डिशच्या स्मृतीत तिकडचे उपग्रह साठवलेले असतात, म्हणून ती कितीही फिरली तरी तिला ओळखीचे काही सापडत नाही. युरोपातील गाडी असेल तर एलएनबी चालण्याची शक्यता बरी असते, उत्पादकाकडून ९३.५° पूर्वेचा उपग्रह यादीत भरून मिळतो का, ते विचारावे. न मिळाल्यास यंत्रणेची मोटार बंद करून डिश मिटवून ठेवावी आणि खाली तिपाई लावावी. गाडीतील आतील केबल बहुतेकदा चांगल्या प्रतीची असते, ती तशीच वापरता येते. मात्र टीव्ही ११० व्होल्टचा असेल तर तो आपल्या २३० व्होल्टवर थेट लावू नये.